एकांकिकाकारांस अनावृत पत्र

डहाणू, जिल्हा पालघर.

महाराष्ट्रातील एकांकिकाकार, तसेच एकांकिका स्पर्धांचे आयोजक व परीक्षक यांस,



हे पत्र लिफाफ्यात न घालता उघडे लिहिण्याचे कारण असे की, ज्या गोष्टींची कैफियत मला मांडावयाची आहे त्या कोणा एका लेखकाच्या किंवा एका संस्थेच्या हातून घडलेल्या नसून एका सबंध शिरस्त्यातून घडत आलेल्या आहेत. आणि शिरस्त्याविरुद्धची फिर्याद चारचौघांसमक्ष गुदरावी हेच प्रशस्त. मी नाट्यव्यवसायातला नाही. डहाणू-तलासरीच्या मुलखात ज्याचे आयुष्य गेले, जमेल तेव्हा मुंबई-ठाण्यास जाऊन ज्याने एकांकिका पाहिल्या आणि परत आल्यावर येथील तरुण मुलांशी ज्याने त्यांविषयी रात्री उशिरापर्यंत चर्चा केली, असा एक प्रेक्षक आपल्यापुढे उभा आहे असे समजावे.

एकांकिकेविषयी मला किती ममत्व आहे ते प्रथम नमूद करतो, म्हणजे पुढील मजकुराचा विपर्यास होणार नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि नेपथ्य-प्रकाशादी तांत्रिक अंगांपेक्षा लेखन, दिग्दर्शन व अभिनय या त्रयीस मान देण्याचा जो दंडक तिने पाळला त्यातून मराठी रंगभूमीला किती नट आणि किती लेखक लाभले, हे सर्वांना ठाऊक आहे. २०२२ साली त्याच स्पर्धेच्या परीक्षकांनी एकही प्रयोग करंडकास पात्र नाही असा निर्णय जाहीर केला तेव्हा पुष्कळांना राग आला. मला मात्र त्या कठोरपणात कलेविषयीची निष्ठा दिसली. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वरात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, ठिकठिकाणच्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका एका रांगेत होतात, आणि तरुण माणसे झोप विसरून त्या पाहतात. ज्या भाषेत नाटकासाठी अशी रात्र जागवली जाते त्या भाषेचे भाग्य थोर आहे.

या भाग्यात आमच्या दोन तालुक्यांना वाटा मिळालेला नाही, ही माझी पहिली व मूळ तक्रार. विरारपर्यंत धावणारी उपनगरी गाडी २०१३ च्या एप्रिलपासून डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. एकांकिका त्या गाडीने क्वचितच येते, आणि आली तर परत जाण्याच्या घाईत असते. तलासरी तर रेल्वेमार्गावरच नाही. उलट आमच्याकडून आपल्याकडे कथानके मात्र सतत जात असतात.

आदिवासी जीवनावरील एकांकिका हा आता स्पर्धांतला एक परिचित प्रकार झाला आहे. मागच्या पडद्यावर पांढऱ्या रंगातल्या त्रिकोणी आकृत्या, ध्वनिमुद्रित तारपा, घुमणारा एक भगत, औषधावाचून दगावणारे एक मूल, आणि शेवटी प्रकाश मंदावत असताना प्रेक्षकांकडे रोखून पाहणारी एक स्त्री, एवढ्या सामग्रीवर तो प्रकार उभा राहतो. यातले काहीच खोटे नाही असे कोणी म्हणेल. मुले दगावली आहेत, हे मी नाकारणारच नाही, त्यांतल्या काहींच्या मर्तिकाला मी गेलो आहे. परंतु दुःखाखेरीज ज्याच्याजवळ दुसरे काहीच दाखवलेले नसते असा माणूस रंगभूमीवर आणणे म्हणजे त्याला अर्धाच आणणे होय. अशाच एका प्रयोगात वारल्यांचे लग्न भटजींनी मंगलाष्टके म्हणून लावलेले मी पाहिले. वारली समाजात लग्न लावण्याचा अधिकार धवलेरीचा, म्हणजे लग्नाची गाणी पाठ असलेल्या जाणत्या स्त्रीचा असतो. भिंतीवर लग्नचौक लिहिणाऱ्या व त्यात पालघाट देवीची आकृती रेखाटणाऱ्याही सवाशिणीच. पौरोहित्य स्त्रीच्या स्वाधीन करणारा एक समाज मुंबईपासून काही तासांवर नांदतो आहे, आणि त्याच्या लग्नावर नाटक लिहिणाऱ्याला ती धवलेरी दिसली नाही! केवढे मोठे पात्र त्याच्या हातून गेले. दुसऱ्या एका एकांकिकेत मुसळधार पावसाच्या आवाजात तारपा वाजत होता. तारपा पावसाळ्यात वाजवीत नाहीत. शेतात नवे भात दिसू लागले म्हणजे तारपकरी तो बाहेर काढतो, त्याच्याभोवती फेर धरला जातो, आणि त्या सुरातच वर्षाचा एक ऋतू संपून दुसरा लागल्याची वर्दी असते. लेखक येथे कधी आला नव्हता, हे अशा जागी कळून येते.

त्या पडद्यावरच्या आकृत्यांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. आमच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नचौकाच्या चौकटीतून ही चित्रकला कागदावर आणली व जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रे जवळून पाहावीत. त्यांत माणसे जाळे टाकीत आहेत, भात झोडीत आहेत, नाचत आहेत, गुरांमागे धावत आहेत, आणि एवढ्याशा चौकटीत एकेकदा शेकडो माणसे कामाला लागलेली आहेत. हात जोडून दयेची वाट पाहणारा माणूस मला त्या चित्रांत आढळला नाही. ज्या पडद्यापुढे आपण आमच्या माणसाला निष्क्रिय बसवता तो पडदाच आपल्या संहितेला छेद देत असतो.

भाषेविषयीची तक्रार याहून गंभीर आहे. स्पर्धेच्या रंगमंचावरील वारली जी भाषा बोलतो ती थोडी आगरी, थोडी वऱ्हाडी आणि उरलेली लेखकाच्या कल्पनेतली असते. डहाणूच्या डोंगरपट्टीत वारली बोलतात, किनाऱ्यावर मांगेली बोलतात, चिंचणीच्या बाजूस वाडवळी ऐकू येते, सरहद्दीकडे गुजरातीची सरमिसळ होते. मल्हार कोळी, कातकरी, धोडी, दुबळा या सर्वांच्या बोलण्याच्या आपापल्या लकबी आहेत, आणि येथील माणूस दोन वाक्यांत समोरच्याचा पाडा ओळखतो. अशा कानांवर ती कृत्रिम बोली पडली म्हणजे आपली कोणी टवाळी करीत आहे असेच त्यांना वाटते. मी एकदा येथील काही मुलांना असा प्रयोग दाखवावयास नेले होते. गंभीर प्रसंगात ती एकमेकांकडे पाहू लागली, आणि परतीच्या गाडीत नाटकाविषयी एक अक्षरही बोलली नाहीत. लेखकाचा हेतू चांगला होता याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ज्यांच्यासाठी तो कळवळला, त्यांनाच त्याने परके केले.

मग लिहावे तरी कशावर, असे कोणी विचारील. विषय येथे पायाखाली पडलेले आहेत. आमच्या पाड्यांतले तरुण दिवाळीनंतर पोरबंदर, वेरावळ, ओख्याच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रातली सरहद्द पाण्यावर दिसत नाही, बोट पाकिस्तानच्या हाती सापडते, आणि डोंगरावरच्या ज्या माणसाचे बालपण समुद्रापासून दूर गेले तो कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षे अडकतो. इकडे त्याची बायको कचेरीत जाते तेव्हा नवरा जिवंत असल्याचा दाखला मिळत नाही आणि मेल्याचाही मिळत नाही. एका अंकात मावेल असे हे नाट्य आहे, किंबहुना एका अंकातच मावेल. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले, आणि पुढे कित्येक महिने माणसांनी स्वतःच्या घरासमोर, घराला भिऊन, थंडीत तंबूत रात्री काढल्या. शाळाही बाहेर भरल्या. घर असून घरात शिरता न येणे ही अवस्था, तीत होणारी भांडणे, जुळणारी लग्ने, म्हाताऱ्यांचा हट्ट, हे सगळे कोणी लिहिले? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दाखल केलेल्या दाव्यांची पिशवी छपराला टांगून ठेवणारा बाप आणि ती पिशवी घेऊन शहरात जाऊ पाहणारा मुलगा, यांच्यातला संवाद मी कितीदा तरी ऐकला आहे. वाढवण बंदराचा पाया ३० ऑगस्ट २०२४ रोजी घातला गेला. मच्छीमार घरांत त्यावरून बाप-लेकांत, जावा-जावांत काय बोलणी होतात ती ऐकावयास कोणी लेखक ओटीवर येऊन बसला तर त्याला घोषणांपलीकडची माणसे भेटतील.

आणि इतिहास! २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठीस जाणार नाही असे त्यांनी ठरवले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जो नवऱ्यामुलासह नव्या नवरीलाही जमीनदाराच्या दारी बांधून घाली, तो लग्नगड्याचा प्रकार त्या चळवळीने मोडला. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीचा झगडा उभा राहिला, सभेचा खोटा निरोप पाड्यापाड्यांत फिरवला गेला, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या निःशस्त्र माणसांवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड व त्याचे सोबती धारातीर्थी पडले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात हे सर्व लिहून ठेवले; १९७० साली तो प्रसिद्ध झाला व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. तो खोटा निरोप घेऊन रात्री पाड्यांतून धावणारा माणूस कोण असेल, त्याला निरोप खोटा आहे हे ठाऊक होते काय, या एका प्रश्नावर एक समर्थ एकांकिका उभी राहू शकेल. मला ती लिहिता येत नाही. आपल्याला येते, म्हणून हे सांगितले.

आता लेखनाच्या रीतीविषयी. आपल्यापैकी अनेकजण परीक्षकांकडे पाहून लिहितात, असे म्हणताना मला संकोच वाटतो, तरी म्हणतो. शेवटच्या दोन मिनिटांत सगळे उलटेपालटे करणारा कलाटणीचा प्रसंग, अर्थ कळण्यापूर्वीच होणारा अंधार, गरज नसता हलणारे नेपथ्य, हे सगळे अंधारात बसलेल्या तीन माणसांसाठी केलेले असते, आणि त्या तिघांना ते याआधी पुष्कळदा पाहून झालेले असते. पुढे करंडक मिळाला तर सत्कार होतो, न मिळाला तर संहिता कपाटात जाते. मिळाला तरीही बहुधा कपाटातच जाते. हंगामभर घाम गाळून बसवलेला प्रयोग मोजक्या वेळा होऊन कायमचा बंद पडतो, ही अवाढव्य उधळपट्टी मला बघवत नाही. उघड्या पटांगणात, मुले रडत असताना, मागून कोणी कोणाला हाक मारीत असताना, ज्या वाक्यावर सगळे एकदम गप्प होतात ते वाक्य लिहिण्याची कसोटी लेखकाने एकदा तरी देऊन पाहावी. १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातून अण्णाभाऊ साठ्यांची लोकनाट्ये कामगार-किसानांपुढे उघड्यावर झाली, ती याच कसोटीस उतरली.

आमच्याकडे प्रेक्षक नाही, अशी आयोजकांची समजूत असल्याचे मला एका कार्यालयात प्रत्यक्ष ऐकावयास मिळाले. ती समजूत निराधार आहे. आमच्या शेजारच्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. गणपती, सरस्वती, भीम, रावण यांचे मुखवटे चढवून, टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत गावातून निघते. सोंगाचा मान घराण्यांतून चालत आलेला असतो, आणि शेवटच्या रात्री पहाटेच्या सुमारास देवी महिषासुराला मारीपर्यंत लहानथोर कोणी उठत नाही. सवाईच्या रात्रीचे कौतुक मी वर केलेच आहे. तशा रात्री येथील माणसे कैक पिढ्या जागवीत आली आहेत. पूर्वेकडे विदर्भातल्या झाडीपट्टीत तर दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके होतात, वडसा हे त्या व्यवसायाचे केंद्र आहे, आणि तेथील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री दिली गेली. तेथे रसिक पैसे देऊन तुडुंब गर्दी करतो. ग्रामीण माणसाला नाटक नको असते, हे म्हणणे कोणाच्या अनुभवाचे आहे?

आयोजकांच्या नियमावलीत आमची मुले कोठे अडतात तेही लिहितो. पहिली अडचण कालगणनेची. आपल्या बहुतेक स्पर्धा पावसाळ्याच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत होतात. जुलै-ऑगस्टमध्ये भाताची आवणी असते, ऑक्टोबरात कापणी, आणि दिवाळी सरली की अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर, मिठागरांवर आणि बोटींवर गेलेला असतो. महाविद्यालयात नाव असलेला मुलगाही हातावर पोट असल्यामुळे बापाबरोबर जातो. तालमीला दहा माणसे लागतात आणि दहावा माणूस गुजरातेत असतो. दुसरी अडचण कागदपत्रांची: प्रवेशशुल्क, महाविद्यालयाचा दाखला, परिनिरीक्षण मंडळाकडून संहितेला मिळवावयाचे प्रमाणपत्र. शहरातल्या संघात हे सोपस्कार पार पाडणारा कोणीतरी माहीतगार असतो; येथे पहिल्यांदाच नाटक लिहिणाऱ्या मुलाने वारली बोलीतील हस्तलिखित घेऊन कोणत्या कचेरीचा उंबरठा चढावा, हे त्याला सांगणारा कोणी नाही. तिसरी, प्रयोग संपल्यावर परतीची गाडी. याविषयी अधिक लिहीत नाही, रात्र फलाटावर काढलेल्या मुलींच्या पालकांनी पुढल्या वर्षी काय ठरवले असेल ते आपणांस समजेल.

हे सगळे दुःसाध्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये, कारण याच मातीत याहून कठीण गोष्ट साध्य झालेली आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले व १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी मुलांच्या आईबापांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली, आणि जी मुले गुरांमागे रानात जात त्यांच्यासाठी कुरणावर शाळा भरवली. आज देशभर अंगणवाडी हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. तो विचार येथे रुजला आणि येथे वाढला. जे ताराबाईंनी शाळेचे केले ते आपण नाटकाचे करावे, एवढेच माझे मागणे आहे.

नाटकाच्या क्षेत्रातला दाखलाही दूरचा नाही. रत्नाकर मतकरी यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेच्या साह्याने, 'वंचितांचा रंगमंच' उभारला. लोकवस्त्यांतल्या मुलामुलींनी आपल्या जगण्यातले प्रसंग स्वतः निवडावेत, स्वतः बोलून बोलून त्यांच्या नाटिका कराव्यात आणि नाट्यजल्लोष या उत्सवात त्या सर्वांपुढे सादर कराव्यात, अशी ती योजना. 'लोककथा ७८' सारखे नाटक लिहिलेला, कीर्तीच्या शिखरावर असलेला लेखक वस्तीतल्या मुलांची वाक्ये ऐकावयास बसला, यातच मला त्यांची थोरवी दिसते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आम्हीही ठाणे जिल्ह्याचेच होतो. मतकरी मे २०२० मध्ये गेले. त्यांनी आखलेली वाट ठाण्याच्या खाडीपाशीच थांबावी असे कोणत्याही नाटककाराला वाटू नये.

तेव्हा माझी विनंती अशी. होळीला आमचे लोक कोठेही असले तरी घरी येतात. शिमग्याइतका भरलेला पाडा वर्षात दुसऱ्या कोणत्या दिवशी दिसत नाही. होळीनंतरच्या आठवड्यात डहाणू वा तलासरी तालुक्यात लघुनाटकांचा एक उत्सव व्हावा. त्यात करंडक नसावा, क्रमांक नसावेत. आपल्या स्पर्धांत गाजलेल्या ज्या एकांकिका नेपथ्याच्या ओझ्यावाचून उभ्या राहू शकतात त्यांतल्या काही येथे उघड्यावर व्हाव्यात, आणि तितक्याच येथील बोलींत येथील मुलांनी केलेल्या असाव्यात. ज्यांनी आजवर आमच्यावर लिहिले त्यांनी तर अवश्य यावे आणि तीच एकांकिका आमच्यापुढे करून दाखवावी. आम्ही आदराने पाहू आणि काय पटले नाही ते तोंडावर सांगू. काही लेखकांनी उत्सवापूर्वी आठ-पंधरा दिवस पाड्यावर राहावे आणि येथील एखाद्या लिहित्या मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर मिळून संहिता करावी. संहितेवर नाव दोघांचे पडावे, आणि मानधनही दोघांत सारखे वाटले जावे. हा शेवटचा मुद्दा मी आग्रहाने लिहितो, कारण गोष्ट एकाची आणि नाव दुसऱ्याचे, हा व्यवहार येथे फार झाला. तालमींचे मार्गदर्शन, प्रमाणपत्राची खटपट आणि संहिता छापून आश्रमशाळांत ठेवण्याची व्यवस्था आयोजक संस्थांनी आपसांत वाटून घ्यावी. हा उत्सव तीन वर्षे टिकला, तर चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्यास महालक्ष्मीची जी मोठी यात्रा भरते तीत एखाद्या रात्री त्यातली निवडक नाटके करण्याचा विचार यात्रेच्या मंडळींपुढे ठेवता येईल. त्या यात्रेस गुजरातेतूनही भाविक येतात.

येथील लिहित्या मुलांसही याच पत्रात एक गोष्ट सांगावयाची आहे. बाबांनो, शहरातून कोणी येईल आणि मग आपण लिहू, असे करू नका. तुमच्या आजीला घांगळी वाद्यावरच्या कथा येतात, धान्यदेवता कणसरीची गोष्ट येते, कोणत्या सावकाराने कोणती जमीन कशी घेतली ते तिला नावानिशी ठाऊक आहे. ती सांगेल तसे वहीत उतरवा. शुद्धलेखनाची काळजी मागाहून करू.

आमच्या बाजूने काय करता येईल तेही स्पष्ट करतो, म्हणजे हे पत्र केवळ मागण्यांचे ठरणार नाही. मांडव घालावयास माणसे आहेत, पाहुण्यांना उतरावयास घरे आहेत, नागलीची भाकरी आणि सुकी मासळी चालत असेल तर जेवणाची चिंता नाही, आणि बोलीतला शब्द अडला तर अर्थ सांगणारी मुले दिवसभर आपल्यासोबत राहतील. कोणत्या एकांकिका आणता येतील आणि कोण राहावयास येऊ शकेल, हे कृपया दिवाळीपूर्वी कळवावे. दिवाळी झाली की येथील मंडळी कामावर निघून जातील, आणि जागेची, शाळेच्या खोल्यांची व वीजजोडणीची तजवीज त्यांच्याशी बोलल्यावाचून करता येणार नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
डहाणू तालुक्यातील एक नाट्यप्रेमी